दहा बोटी, सोळा खलाशी: हॅकिंटॉशवर पी-कोर आणि ई-कोर दोन्ही कामाला लावताना

मालवणात माझ्या मावसभावाचा फोटो-व्हिडिओचा स्टुडिओ आहे. लग्नांच्या फिल्मा तो फायनल कट प्रोवर कापतो. त्याचा जुना आयमॅक यंदाच्या मे महिन्यात इतका धापा टाकायला लागला, की एका लग्नाचा व्हिडिओ तयार होईपर्यंत नवरा-नवरी फिरून घरी परतलेसुद्धा. पावसात लग्नं बंद. १ जून ते ३१ जुलै मासेमारीही बंद, म्हणजे ट्रॉलर ताडपत्रीखाली. त्या रिकाम्या दिवसांत आम्ही दोघांनी त्याच्या माळ्यावर एक हॅकिंटॉश, म्हणजे ॲपलचा नसूनही मॅकओएस चालवणारा कॉम्प्युटर जोडला: कोअर आय५-१२६००के, झेड६९० चिपसेटचा मदरबोर्ड, रेडिऑन आरएक्स ६६०० आणि ३२ जीबी रॅम. तिसऱ्या दिवशी मॅकओएस उघडलं. सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये कोरची, म्हणजे प्रोसेसरमधल्या स्वतंत्रपणे काम करणाऱ्या भागांची, संख्या सोळा. भावाने प्रोसेसरचा खोका उचलला, चष्मा वर केला आणि म्हणाला, "मेल्या, खोक्यार तर धा लिवलेले हत. वरचे सहा खयसून इले?"

प्रश्न बरोबर होता. मॅकओएस चालू झालं म्हणजे प्रोसेसर पूर्ण चालू झाला असं नाही, आणि सगळे कोर दिसले म्हणजे ते नीट वापरले जातायत असंही नाही. नवखा माणूस नेमका या दोन जागी अडकतो. म्हणून पेन ड्राइव्ह बनवण्यासारख्या सगळीकडे सापडणाऱ्या गोष्टी मी भरभर उरकणार आहे आणि कोरच्या भानगडीवर जास्त वेळ घालवणार आहे.

दोन गोष्टी आधीच. ॲपलच्या परवान्यात मॅकओएस फक्त ॲपलच्या यंत्रांवर चालवायची मुभा आहे. हे जाणून, स्वतःपुरतं करा. असे डबे बनवून गिऱ्हाइकांना विकू नका. दुसरं, सेटिंगची आणि फाइलींची नावं मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय. ओपनकोअरची, म्हणजे अशा यंत्रावर मॅकओएस सुरू करून देणाऱ्या बूटलोडरची, कॉन्फिग फाइल उघडलीत की रोमनमधली तीच नावं समोर दिसतील, टाइप करताना तिथलंच स्पेलिंग धरा.

भानगड नेमकी काय आहे

इंटेलने २०२१च्या नोव्हेंबरमध्ये बाराव्या पिढीचे, म्हणजे अल्डर लेक प्रोसेसर बाजारात आणले. त्यात दोन जातींचे कोर एकाच चिपवर बसवले. पी-कोर दांडगे, जोराच्या कामाचे. ई-कोर लहान, कमी वीज खाणारे, चार-चारच्या गटाने येणारे. पी-कोरला हायपर-थ्रेडिंग असतं, म्हणजे एक कोर दोन थ्रेड, कामाच्या दोन ओळी, एकदम सांभाळतो. ई-कोरला ते नसतं, त्याचा एकच थ्रेड.

बंदरावर उभं राहून बघा. एका मालकाचे सहा ट्रॉलर आहेत, प्रत्येकावर दोन खलाशी. शिवाय चार होड्या, प्रत्येकीवर एक. बोटी दहा, माणसं सोळा. हाच आपला १२६००के. आता नोंद करायला एक कारकून आला आहे, ज्याने आयुष्यात फक्त एकसारख्या बोटी पाहिल्यात. तो विचारतो, बोटी किती? दहा. माणसं किती? सोळा. मग एका बोटीवर किती? एक पूर्णांक सहा दशांश. कारकून वही मिटून घरी जातो.

मॅकओएसचा कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, हा तो कारकून. सुरू होताना तो प्रोसेसरकडून कोरची आणि थ्रेडची संख्या घेतो, एकाला दुसऱ्याने भागतो, आणि प्रत्येक कोरवर सारखेच थ्रेड असणार हे गृहीत धरून रचना पडताळून बघतो. हिशेब जुळला नाही की पॅनिक, म्हणजे यंत्र जागीच थांबतं. त्याची चूक नाही म्हणा. ॲपलने इंटेलचे शेवटचे मॅक २०२० साली काढले. त्या वर्षीच्या आयमॅकमध्ये दहाव्या पिढीचा कॉमेट लेक होता आणि त्याचे सगळे कोर एका साच्यातले. त्याच वर्षी आलेल्या एम१ मध्ये लहान-मोठे कोर आहेत आणि मॅकओएस ते छान हाताळतं, पण ती अक्कल ॲपलच्या स्वतःच्या चिपांसाठी लिहिलेली आहे. इंटेलच्या बाजूला ती कधी आलीच नाही. विंडोज ११ ला इंटेलचा थ्रेड डायरेक्टर कुठलं काम कुठल्या कोरला द्यावं ते सुचवत असतो. मॅकओएसला तो माहीतच नाही.

बाकीच्या चिपांचं गणितही असंच अपूर्णांकात जातं. १२७००के म्हणजे ८ पी आणि ४ ई, एकूण १२ कोर आणि २० थ्रेड. १३६००के म्हणजे ६ आणि ८, एकूण १४ कोर, २० थ्रेड. १३७००के १६ कोर, २४ थ्रेड. १३९००के २४ कोर, ३२ थ्रेड. तुमची चिप कुठलीही असो, हे दोन आकडे एका कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवा. पुढे दहा वेळा लागतील.

खरेदी करताना

हा सगळा व्याप नको असेल तर सरळ आय५-१२४०० घ्या. त्यात सहा पी-कोर आहेत, ई-कोर नाहीतच. १२ थ्रेड, गणित सुटतं, आणि या लेखातला अर्धा भाग तुम्हाला लागणार नाही. मी बऱ्याच जणांना हेच सांगतो, पण ऐकतं कोण!

या पिढ्यांमधला इंटेलचा अंगचा ग्राफिक्स मॅकओएसमध्ये चालत नाही, त्यामुळे वेगळं ग्राफिक्स कार्ड लागणारच. रेडिऑन आरएक्स ५८०, ५७०० एक्सटी, ६६००, ६६०० एक्सटी, ६८००, ६९०० एक्सटी ही ओळखीची, चालणारी नावं. ६७०० एक्सटी स्वस्तात मिळाली म्हणून उचलू नका, तिला ॲपलचा आधार नाही. ७००० मालिका आणि एनव्हिडियाची आरटीएक्स कार्डं बादच समजा. अंगचा ग्राफिक्स वापरायचाच नसल्याने १२६००केएफसारखी, शेवटी 'एफ' असलेली चिप चालते आणि सहसा स्वस्तही पडते. फक्त कार्ड बिघडलं तर मॉनिटरवर अंधार, एवढं लक्षात ठेवा. इथे कार्ड बिघडलं की मुंबईच्या लॅमिंग्टन रोडशिवाय गती नसते, आणि पार्सल यायला लागायचे तेवढे दिवस लागतात.

तेराव्या-चौदाव्या पिढीची चिप घेणार असाल तर मॅकओएसचा विचार करण्याआधी बायोस, म्हणजे मदरबोर्डचं स्वतःचं सॉफ्टवेअर, अद्ययावत करा. ६५ वॉट आणि त्यावरच्या काही डेस्कटॉप चिपांमध्ये जास्त व्होल्टेजमुळे अस्थिरता यायची. इंटेलने २०२४च्या ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये त्यावर मायक्रोकोडचे उपाय दिले, ते नव्या बायोसमधून येतात. नाहीतर चिप डळमळतेय आणि तुम्ही रात्रभर कॉन्फिग फाइल चिवडताय असं व्हायचं.

बायोस

नव्या बायोसनंतर आधी डिफॉल्ट सेटिंग भरा, मग हे बदल करा. सिक्युअर बूट, सीएसएम, फास्ट बूट बंद. साटा एएचसीआयवर. अबव्ह ४जी डिकोडिंग आणि एक्सएचसीआय हँड-ऑफ चालू. रिसायझेबल बार सुरुवातीला बंदच ठेवा. व्हीटी-डी बंद करा, किंवा चालू ठेवून कॉन्फिगमध्ये डिसेबलआयओमॅपर चालू करा. सीएफजी लॉक सापडलं तर बंद. नाही सापडलं तर कॉन्फिगमधला ॲपलएक्ससीपीएमसीएफजीलॉक हा उपाय चालू करा.

आता कोरची सेटिंग. हायपर-थ्रेडिंग चालू. ॲक्टिव्ह परफॉर्मन्स कोर्स 'ऑल'. ॲक्टिव्ह एफिशियंट कोर्स मात्र पहिल्यांदा शून्य.

हो, शून्य. ई-कोर चालवायला निघालोय आणि बंद कुठे करताय, असं भावानेही विचारलं होतं. पण नवख्याने पहिला बूट फक्त पी-कोरवर करावा असं माझं ठाम मत आहे. मग पॅनिक आला तर तो ई-कोरमुळे नाही एवढं तरी नक्की असतं. सगळं एकदम चालू करून बसलात, की ग्राफिक्सचा दोष कुठला आणि कोरचा कुठला हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

लेगसी गेम कम्पॅटिबिलिटी नावाचं एक सेटिंग काही बोर्डांवर असतं. ते चालू असेल तर कीबोर्डवरचं स्क्रोल लॉक दाबलं की ई-कोर बाजूला पडतात. जुन्या गेमसाठी ती सोय आहे, आपल्यासाठी डोकेदुखी. बंद करा.

पेन ड्राइव्ह आणि पाया

१६ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या. ओपनकोअरच्या पॅकेजमधली मॅकरिकव्हरी स्क्रिप्ट छोटी रिकव्हरी उतरवते, पण पुढे इन्स्टॉल करताना बारा-तेरा जीबी इंटरनेटवरून येतात. पावसात तुमच्या गावची लाइन कशी असते ते तुम्हालाच ठाऊक. ओळखीत कुणाकडे खरा मॅक असेल तर पूर्ण इन्स्टॉलर त्याच्याकडूनच बनवून आणा.

आवृत्ती कुठली? व्हेंचुरा, सोनोमा किंवा सिक्वोया घ्या. मॅकओएस ताहो २६ ही इंटेलच्या मॅकसाठी शेवटची आवृत्ती, हे ॲपलने २०२५ मध्ये जाहीर केलंय. शिवाय तिच्यात जुना ध्वनी-ड्रायव्हर काढून टाकलाय, त्यामुळे नेहमीच्या पद्धतीने आवाज येत नाही. शिकायला ती आवृत्ती नको.

डॉर्टानियाची ओपनकोअर बसवण्याची ऑनलाइन मार्गदर्शिका उघडा आणि कॉमेट लेक डेस्कटॉपचं पान पाया म्हणून धरा. आपण मॅकओएसला कॉमेट लेकच आहोत असं सांगणार आहोत, म्हणून. केक्स्टमध्ये, म्हणजे कर्नलला जोडायच्या ड्रायव्हरसारख्या फाइलींमध्ये, आधी लिलू, मग व्हर्च्युअलएसएमसी आणि त्याचं एसएमसीप्रोसेसर, व्हॉटएव्हरग्रीन, ॲपलएएलसी, आणि तुमच्या नेटवर्क चिपचं जे असेल ते. एसएमबायोस, म्हणजे कुठल्या मॅकचं सोंग घ्यायचं ते, मॅकप्रो७,१. मूळ २०१९च्या मॅक प्रोला अंगचा ग्राफिक्स नसतो आणि आपणही तो वापरत नाही, त्यामुळे ही जोडी छान जुळते. या मॉडेलमुळे रॅमबद्दल आणि स्लॉटबद्दल विनाकारण सूचना येतात, त्यांचं तोंड रिस्ट्रिक्टइव्हेंट्स हे केक्स्ट बंद करतं. आरएक्स ५००० किंवा ६००० मालिकेचं कार्ड असेल तर बूट-आर्ग्समध्ये, म्हणजे सुरू होताना द्यायच्या सूचनांत, एजीडीपीमॉड=पिकेरा घाला, नाहीतर लोगोनंतर काळा पडदा. यूएसबीचे पोर्ट नकाशा करून १५च्या मर्यादेत आणणं नंतर सावकाश करा, पण विसरू नका.

एसीपीआयमध्ये, म्हणजे मॅकओएसला हार्डवेअरची माहिती देणाऱ्या टेबलांत, एक फाइल खास आपल्यासाठी: एसएसडीटी-प्लग-ऑल्ट. नव्या बोर्डांच्या टेबलमध्ये कोर 'डिव्हाइस' म्हणून नोंदवलेले असतात. मॅकओएस मात्र जुन्या पद्धतीचं 'प्रोसेसर' हे नाव शोधत बसतं. ही फाइल त्याला हव्या त्या नावाने कोर दाखवते, मग विजेचं व्यवस्थापन त्यांना चिकटतं. साधी एसएसडीटी-प्लग इथे कामाची नाही. दोन्ही एकत्र तर मुळीच टाकू नका.

कॉमेट लेकचा मुखवटा

दशावतारात राजाचा मुकुट चढवला की गावचा माणूस राजा होतो. आपल्या चिपला तेवढाच मेकअप पुरतो. कॉन्फिगमध्ये कर्नल, त्याखाली इम्युलेट. तिथे सीपीयूआयडी१डेटा आणि सीपीयूआयडी१मास्क असे दोन रकाने आहेत. दोन्हीत बत्तीस-बत्तीस अंक लागतात.

कॉमेट लेकची ओळख हेक्साडेसिमल (सोळा चिन्हांच्या) पद्धतीत ०००ए०६५५ अशी आहे. पण ती अशीच लिहायची नाही. दोन-दोन अंकांच्या जोड्या पाडायच्या आणि शेवटच्या जोडीपासून उलट लिहायच्या: ५५, ०६, ०ए, ००. त्यापुढे चोवीस शून्यं. झाला डेटा. मास्कमध्ये आठ वेळा एफ, पुढे चोवीस शून्यं. यातले 'ए' आणि 'एफ' म्हणजे रोमन अक्षरं, एवढं सांगायला नको.

मी पहिल्या खेपेला आकडा सरळच लिहिला. यंत्र ओपनकोअरच्या पडद्यावरून पुढे गेलं आणि तिथेच थिजलं. दुसऱ्या खेपेला डेटा बरोबर होता, पण मास्क मोकळा सोडला. मास्क मोकळा असेल तर डेटा लागूच होत नाही. म्हणजे मुकुट पेटीत आणि राजा तसाच रंगमंचावर. एक अख्खी संध्याकाळ त्यात गेली. बाहेर धो धो पाऊस, मावशीची तीनदा चहाची फेरी, आणि मी मात्र ग्राफिक्स कार्डालाच शिव्या घालत होतो.

आता बूट-आर्ग्समध्ये वजा-व्ही घाला म्हणजे मजकूर धावताना दिसेल, एनव्हीरॅम (बोर्डवर साठवलेली बूटची सेटिंग) रीसेट करा आणि सुरू करा. ई-कोर बंद असल्याने गणित सरळ आहे: ६ कोर, १२ थ्रेड. मॅकओएस बसवा, ग्राफिक्स, आवाज, नेटवर्क, झोपणं-उठणं तपासा. दोन-चार दिवस असंच वापरा. ही जी ईएफआय फोल्डरची (ओपनकोअर, कॉन्फिग आणि केक्स्ट ज्यात असतात त्याची) प्रत आहे ती दुसऱ्या पेन ड्राइव्हवर ठेवून त्यावर 'चालतं' अशी चिठ्ठी लावा.

आता होड्या पाण्यात

क्रम महत्त्वाचा आहे. आधी कॉन्फिग, मग बायोस. उलट केलंत तर पॅनिकच्या पडद्याला नमस्कार करून परत बायोसमध्ये यावं लागेल.

कर्नल, त्याखाली क्वर्क्स (अडचणींवरचे छोटे उपाय), तिथे प्रोव्हाइडकरंटसीपीयूइन्फो. हे चालू करा, फाइल सेव्ह करा. रीस्टार्ट करून बायोसमध्ये जा, ॲक्टिव्ह एफिशियंट कोर्स 'ऑल' करा आणि बूट होऊ द्या.

हे क्वर्क करतं काय? कारकुनाला सांगतं, दादा, बोटी सोळा आणि माणसंही सोळा. एका बोटीवर एक. कारकून खूश. म्हणजे कोरची संख्या थ्रेडच्या संख्येइतकी दाखवली जाते आणि भागाकार एक येतो. भावाला दिसलेले वरचे सहा कोर इथून आलेले. ती चूक नाही, यंत्र सुरू होण्यासाठी मुद्दाम सांगितलेला हिशेब आहे. १३६००केवर २० कोर दिसतील, १३९००केवर ३२. मॉनिटरला चिकटवलेल्या कागदावरचा थ्रेडचा आकडा आणि पडद्यावरचा कोरचा आकडा एकच असला की ही पायरी पार पडली.

आकडा कमी आला तर आधी बायोस परत बघा. हायपर-थ्रेडिंग चुकून बंद राहिलेलं असतं, नाहीतर 'ऑल'च्या जागी चार निवडलेले असतात. पॅनिकच येत असेल तर क्वर्क खरंच चालू आहे का ते बघा, आणि ओपनकोअर जुनं नाही ना तेही. दुसऱ्याचं जुनं ईएफआय फोल्डर उचलून आणलेल्यांचं इथे हमखास अडतं.

दिसतायत, पण राबतायत का?

ॲक्टिव्हिटी मॉनिटर उघडा, विंडो मेनूतून सीपीयू हिस्टरी काढा. प्रत्येक थ्रेडची एक छोटी चौकट दिसेल. आमच्याकडे सोळा. टर्मिनलमध्ये 'येस' हा आदेश द्या आणि त्याचं आउटपुट नल डिव्हाइसमध्ये सोडा. एकामागून एक अक्षर ओकत राहणं एवढंच त्याचं काम, आणि त्यात एक थ्रेड पूर्ण भरतो. अशा सोळा खिडक्या उघडल्या की सगळ्या चौकटी माथ्यापर्यंत भरायला हव्यात. एखादी शेवटपर्यंत रिकामी राहिली तर तो कोर नुसता हजेरीपटावर आहे.

मग एकच 'येस' ठेवा आणि बाकीचे बंद करा. बघत बसा. सहसा पहिल्या चौकटी पी-कोरच्या आणि शेवटच्या ई-कोरच्या असतात. कधी भार पहिल्या चौकटींत असेल, कधी सरकत शेवटच्या चारांत जाईल. मॅकओएसच्या हिशेबी सोळाही बोटी सारख्याच, त्यामुळे खोल समुद्रातलं एकट्याचं काम तो खुशाल होडीला देतो. सगळे कोर जुंपले जातात अशा कामात याचा फरक पडत नाही. एकाच थ्रेडवर चालणाऱ्या कामात मात्र वेग आज एक, उद्या दुसरा असा लागतो.

मोजायचं असेल तर सिनेबेंच आर२३ हे वेग मोजायचं सॉफ्टवेअर एका कोरवर तीनदा आणि सगळ्या कोरवर तीनदा चालवा, आधी ई-कोर बंद ठेवून आणि मग चालू करून. फायनल कटच्या एक्सपोर्टवरून प्रोसेसर जोखू नका. तिथे बरंचसं काम ग्राफिक्स कार्ड उरकतं आणि ई-कोर चालू-बंद केल्याचा पत्ताही लागत नाही. आम्ही दोनदा तसंच मोजून "काय फरक नाय" म्हणून मोकळे झालो होतो. हँडब्रेकमध्ये एक्स२६५ ने क्लिप बारीक करून बघितली तेव्हा खरा फरक दिसला, आणि तो डोळ्यांना दिसण्यासारखा होता.

कारकुनाला खरं सांगायचं असेल तर

सीपीयूटोपोलॉजीरिबिल्ड नावाचं एक केक्स्ट आहे. ते लिलूच्या आधाराने चालतं, म्हणून यादीत लिलूच्या खाली ठेवायचं. प्रोव्हाइडकरंटसीपीयूइन्फो चालूच ठेवायचं, कारण सोळाचा हिशेब सांगून आत शिरल्यावर हे केक्स्ट रचना पुन्हा मांडतं: कुठले दोन थ्रेड एकाच पी-कोरचे आणि कुठला ई-कोर सुटा. ते चाललं की १२६००के १० कोर आणि १६ थ्रेड असा दिसतो, खोक्यावर छापल्यासारखा. भावाचं समाधान या टप्प्यावर झालं.

त्याचा एक बूट-आर्ग आहे, वजा-सीटीआरएसएमटी. तो दिला की ई-कोर स्वतंत्र कोर न राहता पी-कोरचेच जादा थ्रेड म्हणून नोंदवले जातात. यात गंमत अशी, की हायपर-थ्रेडिंग मॅकओएसला जुन्या मॅकपासून माहीत आहे. आधी प्रत्येक कोरचा पहिला थ्रेड भरायचा आणि दुय्यम थ्रेडांना मागून काम द्यायचं, ही त्याची सवय. ई-कोर दुय्यमांत बसवले की जड काम आपोआप पी-कोरकडे आधी जातं. सहा मोठ्या बोटी, आणि होड्या त्यांच्या शेपटाला बांधलेल्या. कोरची संख्या तेव्हा सहाच दिसेल. घाबरू नका, थ्रेड सोळाच आहेत.

हे केक्स्ट घ्यावं का? ते प्रायोगिक आहे, त्याचा लेखकच तसं सांगतो. नुसता कोरचा आकडा बरोबर दिसावा म्हणून मी ते घातलं नसतं. पण भावाचं काम फोटोचं पण आहे, आणि फोटोच्या बऱ्याच फिल्टरांत एका थ्रेडचाच जोर लागतो. म्हणून आम्ही बूट-आर्गसकट ठेवलं. तुम्ही आधी त्याच्याशिवाय आठवडाभर काम करा, सिनेबेंचचे आकडे लिहून ठेवा, मग घालून बघा. एका थ्रेडचा आकडा स्थिर झाला आणि सगळ्या कोरचा पडला नाही, तरच ठेवा. मॅकओएसच्या नव्या आवृत्तीवर गेलात की लिलूची केक्स्ट कधीकधी गप्प बसतात. अशा वेळी त्यांच्या नव्या आवृत्त्या घ्या, आणि तोवर वजा-लिलूबीटाऑल वापरून बघता येतं.

नाव, घड्याळ, ताप

प्रोसेसरचं नाव चुकीचं किंवा अनोळखी दिसलं तर रिस्ट्रिक्टइव्हेंट्सचा रेव्हसीपीयू=१ हा बूट-आर्ग आहे. नुसती रंगरंगोटी, वेगाशी संबंध नाही.

वीज व्यवस्थापन लागलंय का ते बघायला आयओरजिस्ट्रीएक्सप्लोरर उघडून पहिल्या कोरखाली एक्स८६प्लॅटफॉर्मप्लगइन दिसतंय का पाहा. नसेल तर एसएसडीटी-प्लग-ऑल्ट लागलेली नाही. चिप कायम एकाच वेगाला अडकून बसणं हेही त्याचंच लक्षण.

तापमानाचं मात्र कोकणात वेगळंच प्रकरण आहे. १२६००के जोरात चालताना १५० वॉटपर्यंत जाते, १२७००के १९०, १३९००के २५३. मे महिन्यातल्या मालवणात, कौलारू घराच्या माळ्यावर, एसीशिवाय. बायोसमध्ये विजेची मर्यादा खाली आणा. आम्ही दीर्घ मर्यादा १२५ वॉटवर ठेवलीय आणि कामात फरक जाणवत नाही. खारी हवा पंख्यांना आणि उघड्या धातूला खाते, म्हणून डबा खिडकीपासून लांब, जमिनीपासून वीतभर वर ठेवा. पावसाळ्यात रोज थोडा वेळ तरी चालू ठेवा. आठवडाभर बंद ठेवलेल्या डब्यात दमट वास येतो तो उगाच नाही.

यूपीएस शुद्ध साइन वेव्हचा घ्या. हल्लीच्या चांगल्या एसएमपीएसमध्ये (कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्यात) ॲक्टिव्ह पीएफसी नावाचं सर्किट असतं, आणि स्वस्त यूपीएसच्या चौकोनी लाटेवर लाइट जाताच ते कॉम्प्युटर बंद पाडू शकतं. अर्थिंग तपासून घ्या. वळवाचा गडगडाट सुरू झाला की प्लगच्या आधी नेटची वायर काढा. माझा एक राउटर आणि एक मदरबोर्ड त्याच वाटेने गेलाय.

राहिलं अपडेट. सिस्टिम सेटिंग्जमध्ये आपोआप अपडेट होणं बंद करा. नवी ओपनकोअर आवृत्ती आली की तिची कॉन्फिग फाइल जुनीशी पडताळून बघा, कारण रकाने वाढतात आणि जुनी फाइल तशीच टाकली की यंत्र सुरूच होत नाही. बदल करायचा तो पेन ड्राइव्हवरच्या ईएफआयमध्ये, तिथून दोन-तीनदा बूट झालं की मग डिस्कवर. 'चालतं' अशी चिठ्ठी लावलेला आमचा पेन ड्राइव्ह मावशीच्या मसाल्याच्या रिकाम्या बरणीत, तांदळाच्या पुरचुंडीसोबत आहे. भावाने मध्यंतरी एकदा मला न सांगता अपडेट दाबलं, तेव्हा त्या बरणीचं झाकण उघडावं लागलं. यूएसबीच्या पोर्टात घालायच्या आधी त्याने पेन ड्राइव्हवरची मिरपूड फुंकून काढली.